दाद मिळते, पारख कुठे आहे?

वसई-विरारमध्ये कार्यक्रमांची वाण नाही. नाटके होतात, कविसंमेलने होतात, अधूनमधून मुशायराही रंगतो. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात दीपप्रज्वलनाचा फोटो आणि मान्यवरांची नावे येतात. कवीचे नाव ‘आदी उपस्थित होते’ यात बुडून जाते. कविता कशी होती, यावर एक ओळही नसते.

एके काळी कमलाकर नाडकर्णींचे नाट्यपरीक्षण ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये वाचून लोक नाटकाला जायचे की नाही ते ठरवीत. नाटकवाले त्यांच्यावर रागावत, पण वाचत. आज जागा जाहिरातीला हवी आणि वार्ताहर पाणी, लोकल, महापालिका यांतच दमलेला. त्याच्याकडून समीक्षेची अपेक्षा करणे आम्हाला अन्यायाचे वाटते. दोष त्याला पाठवणाऱ्यांचा आहे.

पारख नसली की काय होते, हे वसईनेच पाहिले आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ हे ख्रिस्ती समाजाचे मासिक वर्षानुवर्षे संपादित केले आणि त्याची दारे सर्व मराठी वाचकांना उघडी केली. २०२० साली तेव्हाच्या उस्मानाबादेतील ९३ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तेव्हा वाद पेटला तो त्यांच्या धर्मगुरू असण्यावर. ‘सुबोध बायबल’चे मराठी कसे आहे, यावर भांडण झाले असते तर आम्हाला आनंदच झाला असता! २०२४ मध्ये ते गेले.

मुस्लिम मराठी लेखकाला ही गोष्ट नवी नाही. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून ‘मुसलमान असून मराठीत लिहितात’ हे कौतुक पुष्कळ झाले. या कौतुकाने पुस्तक न वाचताच बाजूला ठेवता येते. आपल्यातही वेगळे नाही. परीक्षण लिहायला घेतले की कुणीतरी हळूच सांगतो, ‘आपलाच माणूस आहे, सांभाळून घ्या.’ अशाने नवा लेखक पहिल्या पुस्तकातल्या चुका तिसऱ्यातही करतो.

कोकणी मुसलमानांच्या बोलीतली एखादी कथा घ्या. ती बोली संवादात खरीच नांदते, की चवीपुरती टाकली आहे, हे सोपाऱ्यातला किंवा वसई गावातला जाणता वाचक पहिल्या पानावर सांगेल. त्याच्याकडे कोणताही संपादक सहाशे शब्द मागायला जात नाही.