चित्रकथीचें सुटें पान

महाभाष्यांत (३.१.२६) पतंजलीनें एक शंका घेतली आहे. कंसवध होऊन फार काळ लोटला असतां त्याविषयीं वर्तमानकाळ कसा योजावा? समाधान असें कीं, शोभनिक तो वध डोळ्यांपुढें करून दाखवितात, चित्रांत उगारलेले व पडलेले प्रहार दिसतात, आणि ग्रंथिक तो शब्दांनीं उभा करितात. चित्र आणि शब्द येथें वेगळे धरिले आहेत. सोमेश्वराच्या मानसोल्लासांत (इ. स. ११२९ चा सुमार) ज्याचा नामनिर्देश आहे तो चित्रकथक मात्र दोहोंचा धनी.

कुडाळ तालुक्यांतील पिंगुळीच्या ठाकर समाजानें ही विद्या राखिली. सावंतवाडी दरबाराचा आश्रय संपला, देवळांतील कथनही ओसरलें. परशुराम आत्माराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. त्यांच्या घरच्यांनीं गोठ्याचें संग्रहालय केलें असून तेथें पाहुण्यांस चित्रकथी व बाहुल्यांचे खेळ दाखवितात, शिकवितातही. अशा प्रवासास हल्लीं कलापर्यटन म्हणतात, व आम्हां जुन्या पोथ्यांच्या मंडळींत त्या नांवानें नाक मुरडण्याची चाल आहे. ती मला अनुचित वाटते. राजा गेला, तेव्हां पाहुणा हाच आश्रयदाता. त्याच्या पैशावर कलावंताची चूल पेटत असेल तर त्यांत विटाळ कसला?

आक्षेप आहे तो निराळा. घटकाभर बसून एक गणपती रंगवावा व तो गुंडाळून न्यावा, एवढ्यानें पाहुण्याच्या हातीं चित्र पडतें, चित्रकथा पडत नाहीं. पोथींत दोन चित्रें पाठीस पाठ लावून चिकटविलेलीं असतात. कथेकरी एक दाखवून पान उलटतो, तों पुढील प्रसंग समोर येतो. वीणा, हुडुक व टाळ यांच्या साथीनें हा क्रम चालतो. पिंगुळीस जाणाऱ्यानें म्हणून एक अख्खें आख्यान ऐकावयास मागावें व त्याचें मोल द्यावें, रंगकाम मागाहून. मागणीच सुट्या चित्राची राहिली तर पुढील पिढी आख्यान कशासाठीं पाठ करील?

परंतु हा उपदेश पाहुण्यास करण्यापूर्वीं आपण आपल्या कपाटांकडे पाहावें. पोथ्या फोडून पानें विकणारे होते, कारण तीं घेणारे आपण होतों. ज्यांस 'पैठणी चित्रें' म्हणतात त्यांचीही हीच गत. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयांत अशीं चित्रें जतन झालीं हें भाग्यच, पण खासगी घरीं भिंतींवर अडकलेल्या पानांची मोजदाद कोणी केली नाहीं. प्रत्येक संग्राहकानें आपल्या पानांची मापें, प्रसंग व दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें नोंदवून एक प्रत पिंगुळीस पाठवावी. कोणतें पान कोणत्या आख्यानांत बसतें हें आपल्यापेक्षां तेथील कथेकऱ्यांस अधिक कळेल.

माझ्याजवळही एक पान आहे. शिक्षकाच्या पगारांतून जुन्या बाजारांत घेतलें. विक्रेत्यास मूळ पोथीचा ठाव सांगतां आला नाहीं. समोर सज्ज रथ व धनुष्य ओढलेला वीर. तीस वर्षें तें काचेच्या चौकटींत होतें. गेल्या महिन्यांत चौकट उघडली. मागील बाजूस तोच रथ मोडून पडला आहे, वीर भूमीवर आहे. दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें या टिपणासोबत संपादकांकडे दिलीं आहेत.