पुस्तकातला खेळाडू आणि वर्ध्याची एस.टी.

बालभारतीच्या नववीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या पुस्तकात (२०१७) ‘गतीचे नियम’ या पहिल्याच प्रकरणात एक सोडवलेले उदाहरण आहे. एक खेळाडू वर्तुळाकार मार्गावर २५ सेकंदांत ४०० मीटर धावतो आणि निघाल्या जागी परत येतो. सरासरी चाल १६ मीटर प्रतिसेकंद, सरासरी वेग शून्य.

चाल आणि वेग यांतला फरक दाखवायला याहून नेमके उदाहरण क्वचितच मिळेल. गडी धावून दमला, पण विस्थापन शून्य! मुले हसतात आणि विसरत नाहीत. तक्रार आहे ती त्या १६ बद्दल.

सेकंदाला १६ मीटर म्हणजे ताशी ५७.६ किलोमीटर. ४०० मीटरचा जागतिक विक्रम वेड व्हॅन निकर्कचा, ४३.०३ सेकंदांचा (रिओ, २०१६). उसेन बोल्टने २००९ मध्ये १०० मीटर ९.५८ सेकंदांत कापले, तेव्हा ऐन भरातही त्याची चाल सेकंदाला साडेबारा मीटरच्या आतच होती. केळझरच्या आमच्या मैदानावर नववीतल्या सर्वांत चपळ मुलाला १०० मीटरला १५ सेकंद लागले. मग मुलांनी वर्ध्याच्या एस.टी.त बसून दोन किलोमीटर-दगडांमधला वेळ मोजला: ७० सेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे १४.३ मीटर. पुस्तकातला खेळाडू आमच्या एस.टी.ला सहज मागे टाकेल, हे एका मुलीच्या ध्यानात आले. तोवर मी हे उदाहरण कित्येकदा फळ्यावर सोडवले होते, आणि मला काही खटकले नव्हते.

२५ च्या जागी ५० छापले असते तर चाल ८ आली असती. भागाकार तितकाच सोपा आणि धावणारा माणूस राहिला असता. पण आपण ‘दिलेले, सूत्र, किमती, उत्तर, एकक’ एवढ्यावर गुण देतो. आलेले उत्तर जगात बसते का, या प्रश्नाला गुण नाहीत. म्हणून तो लेखकाला पडला नाही आणि आपल्यालाही नाही.

‘प्रकाशाचे परावर्तन’ या प्रकरणातले अंतर्गोल आरशाचे उदाहरण निराळ्या तऱ्हेने अडते. नाभीय अंतर १० सेमी, वस्तू ३० सेमीवर. पडदा कोठे धरावा? उत्तर १५ सेमी. आकडेमोड बिनचूक आहे. पण १५ सेमी म्हणजे आरसा आणि वस्तू यांच्या बरोबर मधोमध! तिथे वहीचा पुठ्ठा धरला की मेणबत्तीचा प्रकाश आरशापर्यंत पोचतच नाही. आमच्या मुलांनी उत्तर आधी काढले होते, त्यामुळे ‘सर, सूत्र चुकलं’ असा गलका झाला. वजा चिन्हाचा अर्थ (प्रतिमा वस्तूच्याच बाजूला पडते) त्यांना पाठ होता; त्याची अडचण हातात पुठ्ठा आल्यावर कळली.

उदाहरणात पडदा केवढा घ्यावा याबद्दल एक ओळ हवी होती. पोस्टकार्डाची दोन बोटे रुंद पट्टी कापावी, आरसा किंचित तिरका करावा आणि पट्टी मेणबत्तीच्या वाटेतून थोडी बाजूला धरावी. खिडक्या लावून घेतल्या की १५ सेमीच्या आसपास उलटी, अर्ध्या उंचीची ज्योत पट्टीवर स्पष्ट दिसते.