मायनस वनचा सुकाळ

बागा-कळंगुट रस्त्यावरच्या एका बारमध्ये शनिवारी रात्री बँडने 'चुरा लिया है तुमने' सुरू केलं. १९७३ सालच्या त्या गाण्याच्या सुरुवातीचा किणकिणाट पेल्यावर चमचा वाजवून काढलेला आहे, हे संगीतकार पंचमचा कुठलाही भक्त झोपेतही सांगेल. बँडपासून दोन हातांवर टेबलं होती, टेबलांवर पेलेच पेले होते आणि चमचेही होते. किणकिणाट मात्र लॅपटॉपमधून आला. गाणारी मुलगी तो वाजून संपेपर्यंत माइक धरून उभी राहिली. तेव्हाच ठरवलं, यावर लिहायचं.

शुक्रवार ते रविवार गोव्यातले बार पालथे घालताना हेच चित्र दिसलं. कीबोर्डवर एक जण, गिटार अडकवून किंवा नुसता माइक घेऊन दुसरा, आणि बाकीचा वाद्यवृंद लॅपटॉपच्या पोटात. ड्रम तिथे, बास तिथे, व्हायोलिनं तिथे. धंद्यात याला 'मायनस वन' म्हणतात. मूळ गाण्यातून फक्त गायक वजा केलेला असतो. पण बारमधल्या बँडकडे पाहिलं की वजा झालेल्यांची यादी बरीच लांब निघते. बाकी जे दिसलं, म्हणजे सूफी नाइट, डीजेच्या ठोक्यावर सॅक्सोफोन फुंकणारा काळ्या चष्म्यातला गृहस्थ, केसांचे टोप घालून केलेले 'ट्रिब्यूट': यांच्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही.

कव्हर बँड म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांच्या पंगतीत मी नाही, हे आधी सांगून टाकतो. 'स्वतःचं काही करा की' हा शहाणपणा मुंबई-पुण्यातल्या रॉकवाल्यांनी गेली तीसेक वर्षं इतका उगाळलाय की दुसऱ्याचं गाणं वाजवणं म्हणजे जणू उष्टं खाणं. मग चिक चॉकलेटचं काय करायचं? हळदोण्याचा हा आंतोनियो झेवियर वाझ मुंबईच्या हॉटेलांतून अमेरिकी जॅझच वाजवत होता. त्याच सरावातून त्याचा ट्रम्पेट सी. रामचंद्रांच्या गाण्यांत शिरला, आणि १९५१च्या 'अलबेला'त तर त्याचा बँड पडद्यावरच आला. आणि आपण मराठी माणसांनी तरी हा सोवळेपणा करू नये. आपलं अख्खं नाट्यसंगीत म्हणजे दुसरं काय? १९११च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या. मास्टर दीनानाथांनी त्यातली काही पदं उचलली, चाली बदलल्या, आणि आज मैफलीत त्यांच्याच चालींची फर्माईश होते. पुढे वसंतराव देशपांड्यांनी दीनानाथांची पदं घेतली नि त्यांचं आणखी वेगळंच काही केलं. याला कुणी कव्हर म्हणून हिणवल्याचं ऐकिवात नाही. दीनानाथ मंगेशीचे, म्हणजे हाही शेवटी गोव्याचाच मामला.

प्रश्न गाणं कुणाचं आहे हा नाहीच. ते वाजवताना तुम्ही काय ठरवलंत, एवढाच आहे.

रविवारी संध्याकाळी बाणावलीकडच्या एका बारमध्ये चौघं ठरवताना दिसली. गिटार, बास, ड्रम आणि ट्रम्पेट. ट्रम्पेटवाले काका साठीचे असतील. हाफ शर्ट, पायांत चपला. गाणं कुठलं? 'हॉटेल कॅलिफोर्निया'. आता या गाण्याचा मला इतका कंटाळा आहे की बिल मागवायच्या बेतात होतो. त्याच्या शेवटी दोन गिटारी एकमेकींना लगटून चालतात, डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या. सगळे बँड तिथेच अडतात, कारण गिटार एकच असते. मग एक तर दुसरी ओळ गाळायची, नाही तर ट्रॅक लावायचा. इथे दुसरी ओळ ट्रम्पेटने घेतली. म्यूट लावून, गिटारच्या किंचित मागे, जणू दुसऱ्या खोलीतून. या गाण्याचं घडवणीच्या वेळचं नाव 'मेक्सिकन रेगे' होतं. ते मेक्सिको रेकॉर्डमध्ये मला कधी फारसं जाणवलं नव्हतं. बाणावलीत स्पष्ट ऐकू आलं. ड्रमरही शहाणा. भरणा करायची जागा आली की हात आखडायचा आणि नुसत्या हाय-हॅटवर गाणं तोलून धरायचा. यात प्रतिभा वगैरे शब्द नकोत. चार माणसांत आठ माणसांचं काम कसं वाटायचं याचा हा हिशेब आहे, आणि तो मांडता येणं म्हणजेच अरेंजिंग.

हा हिशेब या पट्ट्याला पिढ्यान्‌पिढ्या येतो. चर्चच्या शाळेत मेस्तकडे, म्हणजे संगीतशिक्षकाकडे, सोल्फेज घोटायचं, नोटेशन वाचायचं, व्हायोलिन हातात घ्यायचं, आणि मग मुंबई गाठायची. बाणावलीच्या वरच्या अंगाला, थोड्याच अंतरावर माजोर्डा आहे, अँथनी गोन्साल्विसांचं गाव. संगीतकार प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे आणि १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात भारतीय रागांवरचं सिंफनिक संगीत वाजवणारे ते हेच. तियात्रात, म्हणजे कोंकणी नाटकात, कांतारांमागे, म्हणजे गाण्यांमागे, आजही ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा जिवंत ताफा असतो. नट चुकला, प्रेक्षकांनी 'वन्स मोअर' दिला, की ताफ्याला तिथल्या तिथे सावरावं लागतं. बाणावलीच्या काकांनी हे सगळं केलं असेल की नाही, विचारलं नाही. गरज वाटली नाही.

आणि त्याच गोव्यात क्रिस पेरीचं, लॉर्नाने गायलेलं 'बेबदो' शुक्रवारी ट्रॅकवर ऐकलं. त्या गाण्याचा प्राण ब्रास आहे. लॉर्नाचा आवाज ब्रासशी भांडतो म्हणून तर ते गाणं आहे. इथे ब्रास संगणकाचा, एका मापाचा, गायिकेने श्वास घ्यायला थांबावं तरी न थांबणारा. ती बिचारी गाण्यामागे धावत होती. तिचा आवाज चांगला होता, म्हणून जास्तच वाईट वाटलं. मधेच एका टेबलावरून 'अजून एकदा' अशी आरोळी आली. बँडला परत फिरता आलं नाही, कारण ट्रॅक पुढे गेला होता. मायनस वनवाल्यांना मी बँड म्हणायला तयार नाही तो एवढ्याचसाठी. बँड परत फिरू शकतो.

बारमालक म्हणतात, परवडत नाही. दोघांच्या पैशांत पाचांचा आवाज मिळत असेल तर तिघांना का पोसायचं? शिवाय उघड्यावर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, त्यामुळे धंद्याचे तास आधीच कमी. हे गणित मला समजतं, पण पटत नाही. फलकावर 'लाइव्ह म्यूझिक' लिहून गिऱ्हाईक ओढायचं आणि आत लॅपटॉप वाजवायचा, हे पापलेट सांगून दुसराच मासा वाढण्यासारखं आहे. पैसे परवडत नसतील तर दोघांनीच वाजवा, पण दोघांचंच वाजवा. एक गिटार आणि एक गळा यांत 'बेबदो' बसतं. ब्रासची ओळ गिटारच्या खालच्या तारांवर आणा, उरलेली तोंडाने म्हणा, नाही जमली तर सोडून द्या. ऐकणाऱ्याला ती पाठ आहे. मोकळी जागा तो स्वतः भरेल. ट्रॅकमुळे त्याचं तेही काम गेलं आणि तो मोबाइल काढून बसला, तर त्याला नावं का ठेवायची?

वाजवणाऱ्यांनाही मी मोकळं सोडणार नाही. 'लोकांना रेकॉर्डसारखंच हवं असतं' हे वाक्य प्रत्येक कीबोर्डवाल्याच्या जिभेवर तयार असतं. रेकॉर्डसारखं हवं असेल तर रेकॉर्ड आहेच की, प्रत्येकाच्या खिशात, फुकट. बाणावलीत कुणी तक्रार केली नाही. उलट ट्रम्पेटची दुसरी ओळ आल्यावर शेजारच्या टेबलावरच्या दोन पुणेकर काकू बोलायच्या थांबल्या, आणि पुणेकरांना बोलताना थांबवणं सोपं नसतं. पण असा वादक दर शनिवारी इथे मिळेल याची खात्री नाही, कारण गोव्याचे चांगले वादक क्रूझ जहाजांवर जातात. तिथे पगार वेळेवर मिळतो आणि नोटेशन वाचणाऱ्याला किंमत असते. बागाचा बारमालक त्याला बोलावत नाही, कारण त्याचा ट्रम्पेट बारमध्ये आधीच वाजतोय, लॅपटॉपमधून. तेव्हा माझी मागणी साधी आहे. फलकावर 'लाइव्ह' या शब्दापुढे वाजवणाऱ्या माणसांचा आकडा लिहा, आणि त्यात लॅपटॉप धरू नका. आकडा पाहून आत जायचं की पुढच्या बारकडे वळायचं, ते आम्ही ठरवू.