मधली मोकळी जागा

परदेशात बिऱ्हाड थाटले की आपण नकळत एका शहराचे यजमान होतो. मायदेशाहून कुणी आले की काय दाखवावे, कोणत्या क्रमाने दाखवावे, कुठे बोलावे आणि कुठे गप्प राहावे, याची एक कलाच हळूहळू अंगी मुरत जाते. आणि एखादा दिवस मनाजोगता जमून आला, तर कवितेसारखा तो ओळीओळीवर थांबून चाखावासा वाटतो. लंडनमध्ये माझ्याकडे आलेल्या मावशीसोबत ग्रिनिच पाहण्यात गेलेला उन्हाळ्यातला दिवस मला तसा वाटत आला आहे. राजवाडा, मोठे घड्याळ, उघडझाप करणारा पूल ही यादी मावशीने सांगलीहूनच आणली होती. ग्रिनिच तिच्या यादीत नव्हते, म्हणूनच ते दाखवण्यात मौज होती.

पहिला रस प्रवासाचाच. डॉकलँड्सच्या छोट्या रेल्वेला चालकाची खोली नाही, त्यामुळे पहिल्या डब्याची पुढची सारी काच प्रवाशांच्या मालकीची. तिथली जागा मिळावी म्हणून लहान मुले धावतात. त्या दिवशी एका मुलाच्या शेजारची जागा मावशीने पटकावली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून ती रुळांकडे पाहत राहिली. काचेच्या इमारती, जुन्या गोद्यांचे पाणी, अंगावर धावून येणारी वळणे आणि शेवटी नदीखालचा काळोखा बोगदा, हे सारे मध्ये कुणी उभे नसताना पाहायला मिळणे हे केवढे सुख आहे, ते तिच्या पाठमोऱ्या मानेवरूनही आपल्याला वाचता आले असते.

मग उद्यानातली चढण आणि माथ्यावरची वेधशाळा. अंगणात जडवलेली धातूची पट्टी म्हणजे शून्य रेखांश. जॉर्ज एअरी या खगोलज्ञाने 1851 मध्ये आपल्या दुर्बिणीतून ही रेषा कायम केली आणि 1884 च्या वॉशिंग्टन परिषदेत तिला जगाच्या आद्य रेखावृत्ताचा मान मिळाला. एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला ठेवून छायाचित्र काढण्यासाठी इथे रांग लागते. मावशी रांगेत उभी राहिली नाही. ती म्हणाली, ‘‘आपल्याकडे हा मान उज्जैनला होता ना रे?’’ होता, सूर्यसिद्धान्ताची मध्यरेषा अवंतीवरूनच, म्हणजे उज्जैनवरूनच, जाते. एका वाक्यात तिने त्या पट्टीशेजारी दुसरी, तिच्याहून कितीतरी जुनी रेषा आखून ठेवली. खरी गंमत पुढेच होती. आजचे उपग्रह ज्या रेषेवर शून्य दाखवतात ती या पट्टीच्या पूर्वेला सुमारे 102 मीटरवर, उद्यानातून जाते. आम्ही फोन हातात धरून तिथवर चालत गेलो. ना पट्टी, ना रांग; गवतावर पहुडलेली माणसे तेवढी. ‘‘म्हणजे देव इथे आणि गर्दी तिथे!’’ म्हणत मावशीने तिथेच बैठक मारली आणि दशम्यांचा डबा उघडला.

या दिवसाचा गाभा मात्र दुपारी एकच्या ठोक्याला आहे, तिथे आपण जरा रेंगाळू या. वेधशाळेच्या फाटकावर 1852 पासून एक घड्याळ आहे. त्याच्या तबकडीवर चोवीस तास आहेत आणि ते बारमाही ग्रिनिचचीच वेळ दाखवते, म्हणजे उन्हाळ्यात सगळे लंडन त्याच्या तासभर पुढे असते. वर, जुन्या वास्तूच्या बुरुजावर, एक मोठा लाल गोळा आहे. 1833 पासून टेम्समधली जहाजे त्याच्याकडे पाहून आपली घड्याळे लावीत. एकला पाच मिनिटे कमी असताना तो अर्ध्या खांबावर चढतो, दोन मिनिटे कमी असताना टोकाला पोहोचतो आणि बरोबर एकला खाली येतो. टोकाशी गोळा थबकलेला असताना मला सांगण्यासारखे पुष्कळ होते. पण वर लागलेली मावशीची नजर पाहून ते तसेच राहिले. गोळा घसरला. लंडनमध्ये एक वाजला, फाटकावरच्या घड्याळाचा तासकाटा तळाच्या बारावर आला, आणि मावशीने सवयीने आपले मनगट पाहिले. तिथे साडेपाच वाजले होते.

तिने घड्याळ बदललेच नव्हते. घरी चहा कधी होतो, दिवेलागण कधी, हे तिला त्या काट्यांवरून कळे. आता या साडेपाचाकडे रसिकतेने पाहा. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते; साडेपाच तासांचे साडेब्याऐंशी अंश झाले. भारताची प्रमाणवेळ ज्या रेखांशावरून ठरते तो, मिर्झापूरजवळून जाणारा, नेमका हाच. समुद्रात आपण कुठे आहोत हे शोधण्यासाठी ब्रिटिश संसदेने 1714 मध्ये वीस हजार पौंडांपर्यंतचे बक्षीस लावले होते, आणि जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने उभे आयुष्य घालवून त्याचे उत्तर घड्याळात शोधले: निघालेल्या बंदराची वेळ न बिघडवता सोबत न्यायची आणि पोहोचलेल्या जागी सूर्याच्या वेळेशी ताडून पाहायची. त्याची घड्याळे याच वास्तूत काचेआड आहेत. पहिल्या तिघांची हालचाल आजही डोळे खिळवते. चौथ्या, मोठ्या खिशातल्या घड्याळासारख्या देखण्या यंत्रापुढे मावशी उभी राहिली, तेव्हा त्या यंत्राचे तत्त्व तिच्या मनगटावर टिकटिकत होते. मुंबईनेही हेच जपले होते. 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी या शहराने ग्रिनिचच्या पुढे 4 तास 51 मिनिटे असणारी आपली वेळ कित्येक वर्षे सोडली नाही, आणि त्या आकड्याला पंधराने गुणले की उत्तर थेट मुंबईच्या रेखांशाशी येऊन टेकते. आपली वेळ सांभाळणे म्हणजे आपला ठावठिकाणा सांभाळणे, हे भूगोल सांगतो. मावशी ते सहज करीत होती.

खाली उतरून कटी सार्क हे चहा वाहणारे 1869 चे जहाज बाहेरूनच पाहिले आणि 1902 च्या पादचारी बोगद्यातून, पांढऱ्या फरशांमध्ये घुमणारी आपलीच पावले ऐकत, नदीच्या पलीकडे गेलो. तिथल्या छोट्या बागेतून मागे पाहिले की अवघे ग्रिनिच एका चौकटीत येते. काठावर ख्रिस्तोफर रेनने खलाशांच्या रुग्णालयासाठी उभारलेल्या भव्य इमारती आणि त्यांचे जुळे घुमट. पण मध्यभागी, जिथे कोणत्याही वास्तुकाराने सर्वांत मोठा घुमट बांधला असता, तिथे काहीच नाही. मागे इनिगो जोन्सचा, 1616 मध्ये सुरू झालेला पांढरा, बेताचा राणीमहाल आहे. त्याला नदी दिसत राहावी ही राणी मेरीची अट होती, म्हणून रेनने आपली रचना दुभागली. अटीतून जन्मलेली ती फट आता सगळ्या दृश्याचा श्वास झाली आहे. नजर त्या मोकळ्या जागेतून शिरते, लहानशा महालावर विसावते आणि टेकडीवरच्या वेधशाळेपर्यंत चढत जाते.

‘‘मधे बांधलं नाही, म्हणून सगळं दिसतंय,’’ मावशी म्हणाली. यजमानपणाचे सारे शास्त्र मला या वाक्यात सापडते. पाहुण्याने आपले घड्याळ न बदलता यावे, आपले उज्जैन, आपले साडेपाच सोबत आणावे. आणि दाखवणाऱ्याने आपले सांगणे थोडे दुभागून मधली वाट मोकळी ठेवावी. मग परके शहर पाहुण्याला आपल्या मापाने मोजता येते, आणि तिथे राहणाऱ्या आपल्यालाही त्याचा एक नवा रेखांश गवसतो.