गोवराचे कारण : विषाणू, अज्ञान की खोली?

२०२२ सालच्या अखेरीस मुंबईत गोवंडीला, मालेगावला आणि भिवंडीत गोवराची साथ आली. राज्यात काही लहान मुले दगावली. त्या दिवसांत साथीचे कारण म्हणून एक शब्द वारंवार ऐकू येई : अज्ञान. ‘हे लोक अडाणी, लस टोचून घेत नाहीत, मग दुसरे काय होणार?’ शिकलेली माणसे हे इतक्या सहजपणे म्हणत, की जणू अज्ञान हा सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा एखादा जंतूच असावा.

लशीचे महत्त्व मला कमी करायचे नाही. गोवराचा एक रोगी, आसपास कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. म्हणून साथ रोखायला सुमारे ९५ टक्के मुले सुरक्षित असावी लागतात. पण लस का राहिली, याचे उत्तर ‘अज्ञान’ म्हणून मिटते का? २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे लसीकरणाची घडीच विस्कटली होती. त्यात आयांचे अज्ञान कोठून आले? दुसरा डोस सोळाव्या महिन्यानंतर येतो. त्या वेळी कुटुंब गावी असेल तर? लस टोचल्यावर मुलाला ताप येतो. मूल कुरकुरते आणि दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडते. वडील यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत, तेही विणलेल्या कापडाच्या मापावर पैसे मिळणारे. अशा घरात तो एक दिवस कोणी भरून द्यायचा? लशीबद्दल खोट्या अफवाही असतात, हे खरे. परंतु अफवा आणि अडचण यांना एकाच नावाने हाक मारली, की अडचण दिसेनाशी होते.

आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांतील रोगांचे तक्तेही थोडेफार हेच करतात. रोग, त्याचा जंतू, प्रसार, लक्षणे, उपाय. यातले काहीही चूक नाही. मात्र जंतूनंतर तक्ता थेट घरातल्या सवयींवर येतो. मधली सगळी जागा, म्हणजे घर केवढे, पाणी किती वेळ, कामाचे तास किती, कोरीच राहते. ती कोरी जागा विद्यार्थी आपल्या मनाने भरतो आणि बहुधा ‘घाणेरडे लोक’ हे शब्द लिहितो.

याउलट ‘गरिबी हेच रोगाचे मूळ’ असे ठणकावून सांगणारा पक्ष आहे. अशा भाषणांना मीही टाळ्या वाजवल्या आहेत. पण शास्त्रज्ञ म्हणून विचाराल तर हेही उत्तर अर्धेच आहे. गरिबी फुप्फुसात शिरते ती कोणत्या वाटेने? ते सांगता आले पाहिजे.

इथे पीटर आबी यांचे काम फार उपयोगी पडते. हे डॅनिश गृहस्थ मूळचे मानववंशशास्त्रज्ञ. पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ देशात ते मुलांच्या कुपोषणाचा अभ्यास करायला गेले आणि १९७९ मध्ये तिथे गोवराची मोठी साथ आली. मुलांची वजने आधीच नोंदलेली होती. कुपोषित मुले जास्त मरतील अशी सर्वांची अपेक्षा. पण दगावलेल्या आणि वाचलेल्या मुलांच्या आधीच्या वजनांत म्हणावा तसा फरक निघाला नाही. फरक निघाला तो घरात. बाहेरून गोवर घेऊन येणाऱ्या पहिल्या मुलापेक्षा, त्याच्याकडून घरातच लागण झालेल्या भावंडांत मृत्यू जास्त होते. आबींचे स्पष्टीकरण असे, की एकाच खोलीत रात्रंदिवस रोग्याजवळ राहिल्याने विषाणूंचा मोठा डोस शरीरात जातो. विषाणू तोच, मूलही तसेच. खोलीत माणसे किती, यावर रोगाची तीव्रता ठरते.

म्हणजे आहाराचा संबंध नाही असे मात्र समजू नये. केपटाऊनमध्ये तीव्र गोवराच्या १८९ मुलांवर झालेला प्रयोग १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना ‘अ’ जीवनसत्त्व दिले होते. बारा मुले दगावली, त्यांतली दहा ते न मिळालेल्या गटातली. वजनकाट्याला जे दिसले नव्हते ते इथे दिसले. ‘गरिबी’ या एका शब्दाच्या पोटात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत : खोली, ताट आणि वेळ. प्रत्येकीची वाट वेगळी आणि प्रत्येकीवर करायचे कामही वेगळे.

भिवंडीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर होती. यंत्रमागांभोवतीच्या दाट वस्तीत एका खोलीचे घर ही नवलाची गोष्ट नाही. तिथे ‘गोवराच्या मुलाला वेगळे ठेवा’ ही सूचना वाचताना विचारावेसे वाटते, कोठे? २०२२ च्या साथीत शासनाने जे ठरवले त्यात या प्रश्नाची अप्रत्यक्ष दखल होती, असे मला वाटते. नऊ महिन्यांखालील रोग्यांचे प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असेल, अशा भागात सहा महिन्यांपासूनच एक जादा डोस द्यायचा होता. वेळापत्रकाप्रमाणे लस मिळायचे वयच न झालेल्या या तान्ह्यांच्या बाबतीत ‘लस टोचून घेतली नाही’ असे म्हणणार तरी कोणाला?

हा धडा शिकवताना तक्त्यात ‘घर’ असा एक रकाना वाढवून पाहावा. त्याला आकडे लागतील. ते हात वर करायला लावून मात्र विचारू नयेत. एका खोलीत आठ जण झोपतात हे वर्गासमोर सांगणे सोपे नसते. नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायला सांगाव्यात. चिठ्ठीवर दोनच आकडे : झोपायच्या खोल्या किती, झोपणारी माणसे किती. भागाकार फळ्यावर मुलांनीच करावा.