पाणी भरणाऱ्यांना ठाऊक होते

ख्रिस्तपुराणाचा विषय निघाला की आपल्याकडील व्याख्याने आणि लेख बहुधा दोनच गोष्टींपाशी थांबतात. इंग्लंडातून १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स ही एक; आणि त्यांनी केलेला मराठी भाषेचा गौरव ही दुसरी. दोन्ही अभिमानास्पद खऱ्याच. परंतु एवढ्यावर समाधान मानणारी समीक्षा या ग्रंथाच्या एका अंगाला स्पर्शच करीत नाही, असे आम्हांला वाटते. ते अंग म्हणजे ग्रंथामागची निनावी सेवा.

मुळात ग्रंथाचा उगमच पाहावा. पहिल्या पुराणाच्या आरंभी एक नवख्रिस्ती श्रोता गुरूंना विनवितो, की आमची जुनी पुराणे आपण वर्ज्य केलीत. मग त्यांच्या जागी वाचावयास आम्हांला दुसरे एखादे पुराण का देत नाही? त्या मागणीतून सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ साकारला. पुढेही श्रोत्यांच्या शंका आणि गुरूंची उत्तरे यांतून कथन फुलत जाते. विचारणारा नसता तर सांगणाराही बोलता झाला नसता. कवीच्या प्रतिभेचे मोजमाप करताना या श्रोत्याचा वाटा आपण क्वचितच जमेस धरतो.

ग्रंथाचे पुढील चरित्र तर याहून बोलके आहे. १६१६ साली तो प्रथम छापला गेला; १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापला गेला. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. तरीही पुराण जगले, कारण लोकांनी ते हाताने उतरवून ठेवले. गोव्यातून दक्षिणेस मंगळूरकडे स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते सोबत नेले, जपले, गाइले. अशाच हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे रोमन लिपीतील आवृत्ती सिद्ध केली. त्यानंतर शांताराम बंडेलू यांची १९५६ ची आणि फादर कारिदाद द्रागो यांची १९९६ ची अशा देवनागरी आवृत्त्या निघाल्या. संपादकांची नावे आपण घेतो, ती घ्यावयासच हवीत. पण ज्यांच्या हस्तलिखितांवर ही संपादने उभी राहिली, त्यांतील बहुतेकांची नावे काळाने पुसून टाकली आहेत.

यावर एखादा अभ्यासक म्हणेल, की नकलाकारांनी ग्रंथ राखला तसा बिघडवलाही. हा आक्षेप आम्ही नाकारीत नाही. पाठभेद पुष्कळ आहेत. रोमन लिपीतील प्रतींत पोर्तुगीज शब्द आढळतात, तर लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी प्रतीत त्या जागी संस्कृत शब्द येतात. मूळ कोणते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु या भेदांतूनच एक गोष्ट दिसते. उतरविणाऱ्यापुढे कोणीतरी श्रोता होता, आणि त्याला कळावे, रुचावे, याची त्याला काळजी होती. त्याची सेवा निर्दोष नव्हती. पण ती जिवंत होती.

काना गावच्या लग्नाची कथा आपण अनेकदा ऐकली आहे. द्राक्षारस चाखणाऱ्या भोजनप्रमुखाला तो कुठून आला हे कळले नाही. रांजण काठोकाठ भरणाऱ्या सेवकांना मात्र ते ठाऊक होते. योहानाच्या शुभवर्तमानात हे एका ओघात येऊन जाते. सेवकांची नावे नाहीत, त्यांचे कोणी कौतुक केल्याची नोंद नाही. परंतु चमत्काराचे पहिले साक्षी तेच. पडद्यामागील सेवेचे प्रयोजन आम्हांला येथे सापडते. सेवकाला वाट्याला मान येत नसेल. प्रभूच्या कृतीजवळ उभे राहण्याची जागा मात्र त्याला मिळते. पुराण उतरविणाऱ्याच्या वाट्यालाही तीच जागा आली असावी. रात्री दिव्यापाशी एकेक ओवी लिहिणाऱ्याइतके सावकाश ते पुराण दुसऱ्या कोणी वाचले असेल?

येथे एक कबुली द्यावयास हवी. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात आम्ही नव्याने रुजू झालो, तेव्हा गायनमंडळाच्या कपाटात जुन्या गीतांच्या हस्तलिखित वह्यांचा ढीग होता. छापील पुस्तके आली होती. वाळवी लागू नये म्हणून कपाट रिकामे करण्यास आम्हीच सांगितले. वह्या कोणी लिहिल्या, हे आम्ही विचारले नाही. पुढे एका अंत्यविधीला एका वृद्ध बाईंनी एक गीत तोंडपाठ म्हटले. छापील पुस्तकात ते नव्हते. कुठे लिहिलेले आहे, असे विचारता त्या म्हणाल्या, "फादर, तुमच्या कपाटात आहे ना, आमच्या बाबांच्या वहीत." आम्हांला उत्तर देता आले नाही.

म्हणून वाचकांस एकच विनंती. आपल्या घरच्या पेटीत आजोबांच्या हातची प्रार्थनांची, गीतांची वा ओव्यांची एखादी वही असेल, तर ती रद्दीत देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी. पहिल्या पानावर नाव नसेल, तर ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे आणि लिहून ठेवावे.