शैक्षणिक आकडेवारी आणि विद्यार्थ्याची प्रगती : पुणे शहराच्या संदर्भात एक चिकित्सा

शासनदरबारी जमा होणारी शैक्षणिक माहिती विद्यार्थ्याच्या उपयोगी पडते काय, हा प्रश्न पुण्यास नवा नाही. शेतकऱ्यांच्या करातून उभा राहणारा पैसा कोणाच्या शिक्षणावर खर्च होतो, असा सवाल महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात केला होता. आज आकड्यांची वानवा नाही. शिवाय शिक्षण आयुक्तालय व राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ही दोन्ही कार्यालये पुण्यातच आहेत. तरीही याच शहरातील एखाद्या महापालिका शाळेत पाचवीत बसणाऱ्या मुलास वाचता येते की नाही, हे सार्वजनिक आकडेवारीवरून सांगता येत नाही.

‘यू-डायस’ प्रणालीत प्रत्येक शाळेस ११ अंकी सांकेतांक असून पट, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे यांची नोंद होते. ती उपयुक्त आहे, परंतु ती साधनांची मोजदाद आहे. २००५ पासून सुरू झालेली ‘असर’ पाहणी घरोघरी जाऊन वाचन-गणित तपासते, मात्र तिचे क्षेत्र मुख्यतः ग्रामीण. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाचे (२०१७, २०२१) निष्कर्ष जिल्हा हा घटक धरून मांडले गेले. त्यात येरवड्याची वस्ती आणि भोरची दुर्गम वाडी एकाच पुणे जिल्ह्यात मोडतात.

आकडा फुगतो कसा, याचे उदाहरण ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीने दाखविले. मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली आणि हजेरीपटावरील असंख्य नावांमागे विद्यार्थीच नसल्याचे उघड झाले. पटावर शिक्षकांची पदे ठरतात, अनुदानही ठरते. मग पट खरा राहावा अशी अपेक्षा कितपत रास्त? ज्या मापावर लाभ ठरतो ते मापच बिघडते, हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांचा सिद्धांत येथे तंतोतंत लागू पडतो.

यातून पुरेसा बोध घेतला गेला नाही. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम व पायाभूत चाचण्या आल्या. मूळ कल्पना उत्तम होती : हातच्याची वजाबाकी कोणास जमत नाही हे ओळखून त्याच मुलाकडे वळावे. पण त्याच गुणांवर शाळा ‘प्रगत’ ठरू लागली, आणि कच्चे मूल दाखविणे शाळेच्या गैरसोयीचे झाले. गुण संगणकावर भरून वरिष्ठांकडे पाठविण्यात शिक्षकाचा वेळ जातो. त्यांचे विश्लेषण होऊन ते वर्गात परतण्याची वाट मात्र अरुंदच राहिली. निदानाची चाचणी आणि शाळेच्या मूल्यमापनाची चाचणी वेगळ्या ठेवणे, हा यावरील साधा उपाय होय.

जे मूल पटावरच नाही त्याचे काय? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ नुसार आपल्या हद्दीतील १४ वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. ४ जुलै २०१५ रोजी राज्यात शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले, तेही एका दिवसात. बाणेर किंवा वाघोलीच्या बांधकामावरील कुटुंब पावसाळ्यात एका ठिकाणी असते, दिवाळीनंतर दुसऱ्या. अशा मुलाची नोंद वर्षातून अनेकदा, कामाच्या जागी जाऊनच करावी लागेल.